चुलीपाशी राहिलेला शब्द

गेल्या नाताळानंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे दीर्घ पत्र आले. पतीच्या नोकरीनिमित्त ती सध्या मेक्सिको शहरी असते. पत्राच्या अखेरीस तिने एक व्यथा मांडली होती : "सर, धाकटा आता मराठी प्रश्नाला स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. उद्या प्रश्नही कळेनासा होईल, अशी धास्ती वाटते." काय उत्तर द्यावे, या विचारात मी पत्र पुन्हा वाचू लागलो, तेव्हा मधल्या पानांतील एका मेजवानीच्या वर्णनापाशी थबकलो. शाकाहारी वाचकांची आधीच क्षमा मागून ते वर्णन येथे देतो.

मेक्सिकोत २४ डिसेंबरच्या रात्रीस 'नोचेबुएना', म्हणजे मंगल रात्र, म्हणतात. १६ तारखेपासून चाललेल्या 'पोसादा' या सांध्य-उत्सवांची ती सांगता होय. रात्री उशिरा सारे कुटुंब भोजनास बसते आणि पुष्कळ घरी पंक्तीचा मान अखंड भाजलेल्या टर्की पक्ष्याला असतो. माझ्या विद्यार्थिनीच्या घरमालकीणबाई मूळच्या प्वेब्ला प्रांतातल्या, वयाने सत्तरीच्या. त्यांच्या हाताखाली तिने हा सोहळा प्रथमच जवळून पाहिला.

बाजारातून आणलेला सहा किलोंचा गोठलेला पक्षी तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश सैल होऊ दिला. मग 'आंचो' आणि 'ग्वाहियो' या दोन जातींच्या सुक्या मिरच्या बिया काढून तव्यावर किंचित परतल्या व गरम पाण्यात भिजत घातल्या. मिरच्या करपल्या तर वाटण कडू होते, म्हणून बाई तव्यापासून हलल्या नाहीत. त्यात लसूण, जिरे, लवंग, दालचिनी, ओरेगानोची पाने, शिरका आणि संत्र्याचा रस घालून दाट वाटण केले. यास 'आदोबो' म्हणतात. ते पक्ष्याच्या कातडीखाली हात घालून चोळले आणि पक्षी रात्रभर मुरत ठेवला. दुसऱ्या दिवशी खिमा, मनुका, बदाम, सफरचंद व ऑलिव्ह यांचे सारण पोटात भरले आणि पक्षी १६५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवला. आरंभी वरून झाकण, मधून मधून पातेल्यातला रस पळीने अंगावर सोडणे, आणि शेवटी झाकण काढून कातडी तांबूस करणे, असे सुमारे चार तास चालले. मांडीच्या हाडाजवळ आणि सारणाच्या मध्यभागी उष्णतामान ७४ अंशांवर गेले, तेव्हाच तो शिजला असे मानले. बाहेर काढल्यावर अर्धा तास त्याला कोणी सुरी लावली नाही, कारण लगेच कापल्यास रस वाहून जातो आणि मांस कोरडे पडते.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट तिने सहज लिहिली होती. वेष्टनावर 'पावो' असे छापलेले असताना बाई मात्र त्या पक्ष्याला 'ग्वाहोलोते' म्हणत.

या एका शब्दात मोठा इतिहास आहे. टर्की हा पक्षी मेक्सिकोतच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळला. तेथील नाव्हात्ल भाषेत त्याचे नाव 'हुएशोलोत्ल'. १५१९ साली आलेल्या स्पॅनिश लोकांना त्याचा फुललेला पिसारा पाहून मोर आठवला आणि त्यांनी मोराचेच 'पावो' हे नाव त्याला दिले. पुढे इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरविले, तर तुर्कांनी 'हिंदी' म्हटले! पोर्तुगीज त्यास 'पेरू' म्हणतात. १६१२ साली तो गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी पोहोचला. चित्रकार मन्सूरचे म्हणून ओळखले जाणारे त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. जगभर पाहुण्यासारखी नावे घेत फिरलेल्या या पक्ष्याचे मूळ नाव टिकले ते मायदेशीच्या स्वयंपाकघरात. तवा म्हणजे 'कोमाल', पाटा म्हणजे 'मेताते', दाट मसालेदार रस्सा म्हणजे 'मोले' : हे सारे नाव्हात्लचेच वारस. १५२१ मध्ये राजधानी पडली, दरबार व शाळा स्पॅनिश झाली. चूल तेवढी बदलली नाही.

आपलेही काही निराळे नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजारात आपण 'आलू' मागतो आणि घरी आणून त्याचा 'बटाटा' करतो. बडोद्याच्या गाडीवर 'जामफळ' घेतो, पण ताटात चिरतो तो 'पेरू'. त्यातही मौज अशी की, 'बटाटा' हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा; पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला. शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी रुळला, यावरच तो आपला की परका हे ठरते.

येथवर लिहून मी समाधानाने लेखणी ठेवणार होतो. परंतु पत्रातील आणखी एक वाक्य मला थांबवीत होते. बाईंची आजी नाव्हात्ल बोले. बाईंना मात्र तिच्यातले एक वाक्यही येत नाही. ती भाषा आजही मेक्सिकोत १६ लाखांहून अधिक लोक बोलतात, पण या घरात तिचे दहावीस शब्दच उरले. म्हणजे चूल शब्द राखते. भाषा राखायला चुलीपाशी बसून बोलणारे माणूस लागते. आपल्या किती घरांत आज 'वरण', 'भाकरी', 'पोळी' एवढीच मराठी उरली आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

म्हणून विद्यार्थिनीला उत्तर लिहिले ते असे : "चि. धाकट्याला रोज अर्धा तास स्वयंपाकघरात बोलाव. उलथणे माग, झाकण माग, 'मीठ किती घालू?' म्हणून विचार. त्याने स्पॅनिशमध्ये उत्तर दिले तरी रागावू नकोस. तू मात्र मराठीतच बोलत राहा. आणि बाईंना त्यांच्या आजीची एखादी गोष्ट विचार. ती ऐकताना मुलाला जवळ बसव."

तिचे पुढचे पत्र अद्याप यायचे आहे.