वाढ्यातले द्रव्य आधी नीट मोजा



परवा नवी मुंबईत करावे येथे पाहुण्यांकडे गेलो होतो. रसवंतीवर ग्लास थोडा वेळ तसाच राहिला, तर रस काळवंडला. रसातली फिनॉल द्रव्ये हवेतल्या प्राणवायूशी मिळून असा रंग धरतात. हीच द्रव्ये अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखली जातात. वाढ्यात आणि भुशातही ती असतात.

ती काढण्याची एक रीत म्हणजे ध्वनिलहरी. चुरा पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये घालून सेकंदाला २०,००० हून जास्त कंपने दिली, की सूक्ष्म बुडबुडे जोराने फुटतात आणि पेशी उकलतात. वेळ व उष्णता कमी लागते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९३३) डॉ. अनिरुद्ध पंडित यांनी या बुडबुड्यांवर मोठे काम केले आहे.

पण खरी गोम मोजमापात आहे. फिनॉल मोजताना निळा रंग किती गडद आला ते पाहतात. उसातले ग्लुकोज-फ्रुक्टोजही तो रंग वाढवते, आकडा फुगतो! म्हणून असा प्रकल्प घेऊन कोणी आले, तर सुक्या वजनावरचा, साखरेचा परिणाम वजा केलेला आकडा आधी मागावा. भागभांडवलाला हात नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर वाढे जनावराला, पाचट सरीत. जाळू मात्र नका.

— ऊस विकास अधिकारी