सरकता भ्रमणध्वनी : गुणांची यादी आणि शक्तीचा हिशेब

कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा एकाच कडीत ओवलेला लहानसा संच आपल्याकडे पूर्वी अनेक घरांत असे. अनेक साधने एकत्र बाळगण्याची मनुष्याची हौस अशी जुनीच आहे. परंतु त्या संचात एक सुख होते. कानकोरणे वापरल्याने चिमटा बोथट होत नसे. आधुनिक बहुमाध्यमी भ्रमणध्वनीविषयी मात्र असे म्हणता येणार नाही, आणि हाच फरक वाचकांच्या ध्यानी आणून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल नोकिया एन-९५ हा संच घेऊ. सप्टेंबर २००६ मध्ये तो जाहीर झाला व २००७ साली विक्रीस आला. त्याचा पडद्याचा अर्धा भाग वर सरकविला की खालून अंकांच्या कळा दिसत. तोच खाली सरकविला की वरच्या बाजूस संगीत चालू-बंद करण्याच्या कळा उघड्या होत आणि पडद्यावरील चित्र आडवे होई. वजन अवघे १२० ग्रॅम. त्यात ५० लाख चित्रबिंदूंचा कॅमेरा, संगीत, चलच्चित्रे, बिनतारी इंटरनेट आणि उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान सांगणारी यंत्रणा! हा संच प्रथम हाती घेणारा मनुष्य थक्क झाला नसता तरच नवल. ते कौतुक अस्थानी नव्हते. इतकी यंत्रणा तळहातावर मावविणे ही अभियांत्रिकीची मोठीच कामगिरी होय.

तथापि ह्या सर्व साधनांचा पोशिंदा एकच होता, तो म्हणजे आतील बॅटरी. तिची क्षमता होती ९५० मिलिअँपिअर-तास, आणि दाब ३.७ व्होल्ट. ह्यांचा गुणाकार केला असता सुमारे ३.५ वॅट-तास एवढी ऊर्जा हाती येते. घरातील ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्या ऊर्जेवर जेमतेम २३ मिनिटे जळेल. ह्याच शिदोरीतून पडदा उजळावयाचा, कॅमेरा चालवावयाचा, गाणी ऐकावयाची आणि शिवाय मुख्य काम, म्हणजे संभाषण, करावयाचे. दुपारभर छायाचित्रे काढणाऱ्यास सायंकाळी घरी निरोप देण्यापुरतीही शक्ती उरली नाही, तर तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे. हिशेब न केल्याचा होय. निर्मात्यांनीही ही उणीव ओळखली असावी, कारण २००७ सालीच निघालेल्या ह्याच संचाच्या ८ जीबी आवृत्तीत त्यांनी १२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घातली.

स्थानदर्शक यंत्रणेचेही असेच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील निदान ४ उपग्रहांचे संदेश मिळाल्यावाचून स्थान नीट निश्चित होत नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला केवळ ५० बिट ह्या संथ गतीने पाठवितो, आणि ती सलग ऐकावी लागते. उंच इमारतींच्या दाटीत हे क्षीण संदेश वारंवार तुटतात. म्हणून आरंभी ह्या संचाच्या धन्यास पुष्कळ वाट पाहावी लागे. पुढे प्रणालीत सुधारणा होऊन ही माहिती दूरध्वनीच्या जाळ्यातून घेण्याची सोय झाली, तेव्हा विलंब घटला. म्हणजे यंत्राचा गुण यंत्राबाहेरील मदतीवर अवलंबून होता.

तिसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर वेगाने माहिती आणण्याची शक्ती ह्या संचात होती. परंतु भारतात ती सेवा प्रथम दिल्लीत महानगर टेलिफोन निगमाने सुरू केली, ती डिसेंबर २००८ मध्ये. तत्पूर्वी येथे ज्यांनी हा संच घेतला, त्यांनी त्या गुणाचे मोल भरले. उपयोग मात्र त्यांना देशात मिळाला नाही.

कोणी म्हणेल की ही जुनी गोष्ट झाली. आजच्या बॅटऱ्या कितीतरी मोठ्या आहेत. ते खरे आहे. पण पडदेही मोठे झाले आहेत आणि कामेही वाढली आहेत. शिदोरी वाढली तरी खाणारी तोंडे वाढली, तर हिशेब चुकत नाही.

वैज्ञानिक मजकूर मराठीत आणताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. यंत्रांची जाहिरात ही बहुधा नामांची रांग असते : कॅमेरा, संगीत, नकाशा. क्रियापदे तिच्यात क्वचितच सापडतात. किती वेळ चालेल? कोठे चालेल? कोणाच्या साहाय्याने चालेल? महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून संच घेणाऱ्या ग्राहकाला हीच क्रियापदे हवी असतात. ती विचारण्यास पदवी लागत नाही. व्होल्ट आणि अँपिअर ह्यांचा शाळेत शिकविला जाणारा गुणाकार पुरतो. तो गुणाकार परीक्षेच्या कागदावरून दुकानाच्या फळीपर्यंत नेणे, हेच विज्ञानप्रसाराचे काम आहे असे माझे मत आहे.