यंत्राचा निवाडा, माणसाची जबाबदारी

बुद्धिमान यंत्रांचा उदोउदो करणाऱ्यांनी नेदरलँड्सचा धडा विसरू नये. बालसंगोपन-भत्त्याचे संशयास्पद अर्ज निवडण्याचे काम तेथील करखात्याने संगणकावर सोपविले. अर्जदाराचे राष्ट्रीयत्व हाही त्यात संशयाचा एक निकष होता. अशा संशयाला कायद्याच्या निष्ठुर अंमलाची जोड मिळाली. हजारो निरपराध पालक लबाड ठरले आणि भत्ता परत करता करता कर्जबाजारी झाले. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळास पायउतार व्हावे लागले. यंत्रास मात्र जाब विचारता येत नाही. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे की, यंत्राने खुशाल हिशेब करावा. परंतु नागरिकाच्या पोटावर पाय आणणारा निर्णय कारणे देऊन, स्वतःच्या सहीने अधिकाऱ्यानेच द्यावा. आपल्या कचेऱ्यांतही ही यंत्रे शिरत आहेत. ही अट आधी, यंत्र मागून!