पतीचा हात आणि दैवाचा दोष

नवऱ्याच्या मारानें बायको दगावली, कीं आपल्या सुशिक्षित घरांतूनही एक वाक्य हमखास ऐकूं येतें: ‘त्याच्या मनांत कांहीं तिचा जीव घ्यावयाचा नव्हता, दैवांत होतें तें झालें.’ या वाक्याचा पूर्वार्ध पुष्कळदां खरा असतो. त्यावरून उत्तरार्ध निघतो, हें मात्र आम्हांस साफ नामंजूर आहे.

मुंबई हायकोर्टांतील १८७६ सालचा गोविंदाचा खटला पाहावा. नागपुरांत काय किंवा मुंबईंत काय, कायद्याचा विद्यार्थी खून व सदोष मनुष्यवध यांतील भेद आजही याच खटल्यावरून शिकतो. गोविंदा १८ वर्षांचा, बायको १५ वर्षांची. त्यानें तिला लाथ मारली, पाठींत बुक्क्या घातल्या आणि ती पडल्यावर छातीवर गुडघा रोवून तोंडावर दोनतीन ठोसे दिले. कवटी फुटली नाहीं. पण मेंदूवर रक्तस्राव होऊन मुलगी मेली. सेशन्स कोर्टानें फांशी सांगितली. हायकोर्टांत दोघां न्यायाधीशांचें मत जुळेना, तेव्हां न्या. मेल्व्हिल यांनीं निर्णय दिला: जीव घेण्याचा हेतु नव्हता, व तसा ठोसा सामान्यतः मृत्यूस पुरेसाही नव्हे, म्हणून हा खून नाहीं, परंतु डोकें जमिनीवर टेकलेल्या माणसाच्या डोळ्यावर जोराचा ठोसा बसल्यास मृत्यु संभवतो, म्हणून हा सदोष मनुष्यवध. शिक्षा सात वर्षें काळें पाणी.

‘मेली, म्हणून फांशी द्या’ असें म्हणणाऱ्यांची बाजू आम्ही घेत नाहीं. मनाचा अपराध तोलल्यावांचून दिलेली शिक्षा हा न्याय नव्हे. पण दैववाद्यांनाही या निवाड्यांत आसरा नाहीं. हयगयीनें मृत्यु घडविण्याचें सौम्य कलम १८७० सालींच कायद्यांत आलें होतें. तरी तेवढ्यावर गोविंदा सुटला नाहीं. हात जाणून उगारला होता. तो निसटला नव्हता.

याच्या उलट १८९० सालचें कलकत्त्याचें फुलमणीचें प्रकरण. अवघ्या दहाअकरा वर्षांची ती पोर पतीच्या संभोगानें प्राणास मुकली. दहा वर्षांवरील पत्नीच्या बाबतींत बलात्काराचा आरोप त्या वेळीं कायद्यास मान्यच नव्हता; पतीस अविचारी कृत्यानें जबर दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढें १८९१ सालीं संमतीचें वय १२ वर्षें झालें. ठोशाला सात वर्षें आणि या कृत्याला एक, हें अंतर कां? कारण दुसऱ्या ठिकाणीं कायदा पतीचा हक्क मानीत होता. हक्क मानला कीं अविचार लहान दिसूं लागतो. बायकोवर हात टाकणें हाही हक्कच, ही समजूत घराघरांतून अद्यापि गेलेली नाहीं. दैवाची भाषा तिचेंच पांघरूण आहे.

वस्तुतः संसारानें जबाबदारी वाढावयास हवी. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही जुना नियम कायम आहे: अमुक माणसास आपण करीत असलेल्या इजेनें मृत्यु येण्याचा संभव आहे, हें ठाऊक असून ती इजा हेतुपुरस्सर केल्यास तो खून होऊं शकतो, मग धडधाकट माणूस त्याच इजेंतून वांचला असता तरीही. पत्नीचें आजारपण, अशक्तपणा, गरोदरपण पतीहून अधिक कोणास ठाऊक? पत्नीच्या हातून पती मेल्यास तिलाही हाच न्याय लागू.

तेव्हां ‘मनांत नव्हतें’ असें जो म्हणेल, त्यास एकच विचारावें: मग ठाऊक काय होतें? याचें उत्तर दैवानें नव्हे, त्यानें द्यावयाचें आहे.