विसाव्याचा हक्क

'पास्ट टाइम्स' हे केरी जेम्स मार्शल यांचं १९९७ सालचं चित्र. साडेनऊ फूट उंच आणि तेरा फूट रुंद. तळ्याकाठच्या हिरवळीवर चादर अंथरून एक कृष्णवर्णीय कुटुंब बसलं आहे. कुणी गोल्फ खेळतंय, कुणी क्रोके. मागच्या पाण्यात वॉटर-स्कीइंग चाललं आहे. सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र, शेजारी रेडिओ लागलेला. चित्रात याहून अधिक काही घडत नाही. कुणी रडत नाही, कुणाच्या हाती फलक नाही, पोलीस नाहीत, बेड्या नाहीत. सुट्टीचा दिवस आहे आणि माणसं तो मजेत घालवत आहेत.

गेल्या पन्नासेक वर्षांत आफ्रिकी वंशाच्या चित्रकारांनी व्यक्तिचित्राला नवं वळण दिलं. त्यावर लिहिताना मला याच चित्रापासून सुरुवात करावीशी वाटली. या वळणाबद्दल बोलताना सहसा प्रतिनिधित्वाचा मुद्दा पुढे येतो: संग्रहालयांच्या भिंतींवर जे चेहरे नव्हते, ते आले. हे खरंच आहे, पण एवढ्यावर थांबलं तर मोठी गोष्ट हातातून निसटते. माझ्या मते या चित्रकारांची खरी कामगिरी ही, की त्यांनी कृष्णवर्णीय माणसाला चित्रात विसावा मिळवून दिला. ज्यांचे कष्ट आणि ज्यांच्या यातना जगाने पुन्हा पुन्हा पाहिल्या, त्यांचं निवांत बसणंही तितकंच पाहण्यासारखं आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. युरोपच्या चित्रपरंपरेत काळी माणसं नव्हती असं नाही. ती होती, पण कडेला. फ्रेंच चित्रकार माने यांच्या 'ऑलिम्पिया'त (१८६३) फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली दासी सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यासाठी बसलेल्या मॉडेलचं नाव लॉर होतं, याची दखल मात्र अगदी अलीकडे घेतली गेली. मारी-गियमीन बनुआ या चित्रकर्तीने १८०० साली एका कृष्णवर्णीय स्त्रीचं नितांतसुंदर चित्र काढलं. फ्रान्सने गुलामगिरी रद्द करून सहा वर्षं झाली होती आणि नेपोलियन ती दोन वर्षांत परत आणणार होता. चित्राच्या मूळ शीर्षकात त्या स्त्रीचा फक्त वंश होता, नाव नव्हतं. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने कृष्णवर्णीय मॉडेलांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या चित्राखाली तिचं नाव लागलं: मादलेन. दोनशेहून अधिक वर्षं लोक तिचा चेहरा पाहत होते. ती कोण, हे चित्राखाली लिहावं असं कुणाला वाटलं नाही.

मार्शल यांना हा सगळा इतिहास पाठ आहे. त्यांचा जन्म १९५५ सालचा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. १९६३ साली त्या शहरातल्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली मरण पावल्या. त्याच वर्षी मार्शल कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहायला गेलं आणि दोन वर्षांत तिथेही दंगलीचा आगडोंब उसळला. असं बालपण गेलेल्या चित्रकाराने आयुष्यभर फक्त आग रंगवली असती, तरी कुणी दोष दिला नसता. मार्शल यांनी केशकर्तनालयं रंगवली, ब्यूटी पार्लर रंगवली, बागा आणि प्रेमी जोडपी रंगवली.

आणि ती रंगवताना काळ्या रंगाशी तडजोड केली नाही. १९८० साली त्यांनी वहीच्या पानापेक्षाही लहान कागदावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी एक आत्मचित्र काढलं. काळ्या पार्श्वभूमीवर काळाच माणूस. उठून दिसतात ते डोळे, सदऱ्याचा पांढरा त्रिकोण आणि एक दात पडलेलं हसू. तेव्हापासून त्यांची माणसं याच गडद काळ्या रंगाची आहेत. हा काळा मात्र एकच नाही. काजळीचा काळा, आयर्न ऑक्साइडचा काळा आणि आयव्हरी ब्लॅक असे तीन काळे ते वापरतात. त्यांत कुठे कोबाल्ट निळा, कुठे क्रोम हिरवा, कुठे जांभळा मिसळून वेगवेगळ्या छटा तयार करतात. त्वचेवर उजेड दाखवायचा तर पांढरा मिसळायचा, ही शाळेत शिकवली जाणारी सवय त्यांनी मोडली. चित्रासमोर थोडा वेळ थांबलं की त्या काळ्यात ऊब आणि गारवा, खोली आणि चमक वेगळी दिसू लागते. घाईने पुढे जाणाऱ्याला नुसत्या आकृत्या दिसतात. पाहणाऱ्याकडून वेळ वसूल करणारी ही रंगयोजना आहे.

एमी शेराल्ड यांनी नेमकी उलटी वाट धरली. १९७३ साली जॉर्जियातल्या कोलंबस गावी जन्मलेल्या शेराल्ड आपल्या माणसांची त्वचा करड्या छटांमध्ये रंगवतात. जुन्या कृष्णधवल फोटोंत दिसते तशी. कपडे आणि पार्श्वभूमी मात्र भडक पिवळी, गुलाबी, आकाशी. त्वचेचा रंग पाहून माणसाची कहाणी आधीच ठरवून टाकायची सवय ज्या डोळ्यांना आहे, त्यांना हा करडा क्षणभर अडवतो. मग नजर कपड्यांकडे जाते, उभं राहण्याच्या ढबीकडे जाते, आणि समोरचा माणूस एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून दिसू लागतो.

शेराल्ड जगाला कळल्या त्या मिशेल ओबामा यांच्या चित्रामुळे. फेब्रुवारी २०१८मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याचं अनावरण झालं. तोवर त्यांनी बरंच सोसलं होतं. हृदयविकारामुळे २०१२ साली त्यांच्यावर हृदयप्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती आणि पोटासाठी त्यांनी वर्षानुवर्षं रेस्टॉरंटमध्ये वेट्रेसचं काम केलं होतं. ओबामांच्या चित्रात मिशेल बसल्या आहेत, हनुवटी हातावर टेकलेली, आणि खालचा जवळपास सगळा कॅनव्हास त्यांच्या लांब झग्याने व्यापला आहे. त्यावरची भौमितिक नक्षी अलाबामातल्या जीज बेंडच्या क्विल्टची आठवण करून देते. गुलामांच्या वंशातल्या बायकांनी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या, आपल्या गोधड्यांच्या जवळच्या नात्यातल्या त्या चादरी. देशाच्या माजी 'फर्स्ट लेडी'च्या अंगावर त्या बायकांचं काम चढलं.

पण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागते ती ब्रेओना टेलरच्या चित्रात. लुइव्हिल शहरात इस्पितळात काम करणारी ही सव्वीस वर्षांची तरुणी. १३ मार्च २०२० रोजी पोलीस तिच्या घरात घुसले आणि त्यांच्या गोळ्यांनी तिचा जीव गेला. 'व्हॅनिटी फेअर' मासिकाने सप्टेंबर २०२०च्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी शेराल्ड यांच्याकडे तिचं चित्र मागितलं. इथे विसावा कसा रंगवायचा? शेराल्ड यांनी तिला आकाशी झग्यात, कमरेवर हात ठेवून, सरळ आपल्याकडे पाहत उभी केली. तिच्या बोटात अंगठी आहे. तिचा प्रियकर तिला मागणी घालणार होता. ते राहून गेलं. मृत्यूने हिरावलेला तो दिवस चित्रकर्तीने तिला परत दिला. गोळ्या, रक्त, वर्दी यांतलं काहीच चित्रात नाही, आणि म्हणूनच जे गेलं ते केवढं होतं हे कळतं. हे चित्र लुइव्हिलचं स्पीड संग्रहालय आणि वॉशिंग्टनमधलं आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय यांनी मिळून घेतलं. त्यातून आलेले दहा लाख डॉलर शेराल्ड यांनी लुइव्हिल विद्यापीठात टेलरच्या नावाने शिष्यवृत्त्यांसाठी दिले.

असा विसावा रंगवणं ही मवाळ भूमिका आहे, यात संघर्ष कुठे आहे, असा आक्षेप मी ऐकला आहे. त्याला २०२५च्या घटनेने उत्तर दिलं. शेराल्ड यांचं मोठं प्रदर्शन 'अमेरिकन सब्लाइम' सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कनंतर त्याच नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागणार होतं. त्यात स्वातंत्र्यदेवतेच्या रूपातल्या एका ट्रान्स स्त्रीचं चित्र होतं. ते चित्र दाखवण्याबद्दल संग्रहालयात कुजबुज सुरू झाल्याचं शेराल्ड यांनी जाहीर केलं आणि जुलै महिन्यात सगळं प्रदर्शनच काढून घेतलं. पुढे ते बाल्टिमोरच्या संग्रहालयात लागलं. शांतपणे उभ्या असलेल्या एका माणसाचं चित्र एवढी अस्वस्थता निर्माण करतं, तेव्हा ते मवाळ कसं म्हणायचं?

या प्रवाहात दुसरी, अधिक गाजलेली वाट आहे केहिंदे वायली यांची. बराक ओबामा यांना फुलापानांच्या भिंतीसमोर खुर्चीत बसवणारे ते हेच. रस्त्यात भेटलेल्या तरुणांना ते जुन्या राजेमहाराजांच्या चित्रांतल्या पवित्र्यात उभं करतात. २००५च्या चित्रात आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनच्या घोड्यावर लष्करी छापाचे कपडे आणि बूट घातलेला काळा तरुण बसला आहे, आणि खालच्या खडकावर बोनापार्टच्या जोडीला त्या तरुणाचं आडनाव कोरलं आहे. ही कल्पना दिपवते. तरी मला मार्शल आणि शेराल्ड यांची वाट अधिक दूर नेणारी वाटते. वायली यांच्या चित्रात स्वार बदलला, घोडा तोच राहिला. माणसाचा मान सिद्ध करायला सम्राटाचं सिंहासन उसनं आणावं लागतं, हे गृहीतक त्यात शिल्लक उरतं. तळ्याकाठी चादरीवर बसलेल्या कुटुंबाला कुणाचं सिंहासन लागत नाही.

लंडनच्या चित्रकर्ती लिनेट यिआडम-बोआक्ये याच्याही आणखी पुढे जातात. घानातून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी, जन्म १९७७चा. त्यांच्या चित्रांतली माणसं अस्तित्वातच नाहीत. ती त्यांनी कल्पनेतून घडवली आहेत. काळ ओळखू येऊ नये म्हणून त्या या माणसांच्या पायांत सहसा पादत्राणंही रंगवत नाहीत. ही माणसं कुणाची प्रतिनिधी नाहीत, कुठल्या अन्यायाचा पुरावा नाहीत. ती विचारात गढलेली असतात, हसत असतात, कुणाची तरी वाट पाहत असतात. काळ्या माणसाला केवळ कल्पनेत असण्याची मुभा मिळणं, हेही स्वातंत्र्यच आहे.

पैशाची बाजू मात्र सुखावणारी नाही. 'पास्ट टाइम्स' हे चित्र शिकागोच्या एका सार्वजनिक प्राधिकरणाने पंचवीस हजार डॉलरला घेतलं होतं. २०१८ साली ते लिलावात दोन कोटी अकरा लाख डॉलरला गेलं. अमेरिकेत पुनर्विक्रीच्या रकमेत चित्रकाराला हिस्सा मिळत नाही. त्याच वर्षी शिकागो शहराने मार्शल यांचं आणखी एक चित्र लिलावात काढायचं ठरवलं. 'नॉलेज अँड वंडर' हे १९९५चं चित्र, शहराच्या पश्चिम भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी मुद्दाम काढून घेतलेलं. पुस्तकांच्या जगाकडे थक्क होऊन पाहणारी काळी मुलं त्यात आहेत. मार्शल यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, लोकही बोलले, आणि शहराने पाऊल मागे घेतलं. ते चित्र ज्या मुलांसाठी काढलं, त्यांच्या ग्रंथालयात राहिलं. दोन कोटींच्या विक्रीपेक्षा मला हा विजय मोठा वाटतो.

आता आपल्याकडे वळतो, कारण आफ्रिकेतून विखुरलेल्या माणसांचा इतिहास दख्खनच्या मातीतही आहे. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी वसवली, नहर बांधली, मराठा सरदारांना सोबत घेऊन मुघलांना जेरीस आणलं. त्याची दोन टोकांची चित्रं आज उपलब्ध आहेत. एक जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनचं, १६१६च्या सुमाराचं, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात असलेलं. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ साली तो आपल्या मरणाने गेला. दुसरं चित्र मुघल चित्रकार हाशिमचं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं. त्यात पांढऱ्या वस्त्रातला, वय झालेला, भारदस्त अंबर उभा आहे. चित्रकाराने शत्रूकडेही नीट पाहिलं आहे. द्वेषाने काढलेलं चित्र आणि लक्ष देऊन काढलेलं चित्र यांतला फरक चारशे वर्षांपूर्वीच आपल्या प्रदेशातल्या एका आफ्रिकी माणसावर दिसला होता.

अंबरसारख्या आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातली, सिद्दी समाजाची माणसं आजही आपल्यात आहेत: जंजिऱ्याच्या परिसरात, गुजरातेत, आणि उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागात, जिथले कित्येक सिद्दी कोकणी आणि मराठी बोलतात. त्यांची छायाचित्रं आपण पाहतो ती बहुतेक नाचाची, ढोलाची, पर्यटनाच्या जाहिरातींतली. सर ज. जी. कला महाविद्यालयाला व्यक्तिचित्रणाची परंपरा आहे, त्रिंदाद आणि हळदणकर या चित्रकारांचा वारसा आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या तरुण चित्रकारांना माझी विनंती आहे. या वस्त्यांत जा, पण नाच पाहायला नको. तिथल्या शिक्षिकेला, शेतकऱ्याला, आजीला विचारा, तुम्हाला कुठल्या कपड्यांत, कुठल्या जागी बसून चित्र काढून घ्यायला आवडेल. बसण्याच्या वेळेचे पैसे द्या. चित्राखाली त्यांचं नाव त्यांना हवं तसं लिहा. आणि ती चित्रं आधी त्यांच्याच गावच्या शाळेत आणि वाचनालयात लावा. मुंबईच्या गॅलरीचा नंबर त्यानंतर.