ट्राउटला डिसेंबरातही पाणी लागतं

जिभी-तीर्थनची ट्रिप तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी केलीच असेल. रीलमध्ये लाकडी घर, खाली खळाळती नदी आणि ताटात तळलेला ट्राउट. हा मासा तिथं टिकला कसा, हे मात्र रीलमध्ये येत नाही. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येणार होते. माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी कोर्टात गेले, म्हणून नदी मोकळी राहिली. शेजारच्या सैंज खोऱ्यात 520 मेगावॅटचा पार्वती-3 उभा आहे. तिथं नदीचं पाणी बोगद्यातून वीजघराकडे जातं.

बोगद्यानं माशाचं काय बिघडतं? ब्राउन ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडावर शेपटीनं गोटे-वाळू उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. थंड पाण्यात ती अंडी काही महिने तशीच पडून असतात. खडीच्या फटींतून वाहत्या पाण्याबरोबर ऑक्सिजन मिळाला, तरच जगतात. पाणी उतरलं की खड्डा उघडा पडतो. अचानक लोंढा आला तर खडीसकट अंडी वाहून जातात. गाळ बसला तर आतल्या आत गुदमरतात. आणि हा सगळा खेळ नेमका नदीत पाणी सर्वांत कमी असतं त्या दिवसांतला!

हिमाचलमध्ये 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. गळ टाकणाऱ्यानं चार महिने घरी बसायचं. टर्बाइनला असला नियम नाही. प्रकल्पाच्या खाली किमान 15 टक्के पाणी सोडण्याची अट आहे, पण ती कोरड्या दिवसांतल्या प्रवाहाच्या 15 टक्के. आधीच आटलेल्या नदीतला हा वाटा. पास होण्यापुरते 35 मार्क मिळाले तरी आपण खूश असतो, इथं तर 15!

गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्रानं 2018 मध्ये ऋतूनुसार आकडे ठरवले : हिवाळ्यात 20 टक्के, पावसाळ्यात 30. मला तेही कमीच वाटतात, पण निदान नदीला ऋतू असतात हे तरी मान्य झालं. बियासच्या खोऱ्यातही असंच व्हायला हवं. शिवाय पाणी किती सोडता याइतकंच किती झपाट्यानं सोडता, यालाही मर्यादा हवी.

हा मुद्दा फक्त माशांचा नाही. 8 जून 2014 ला लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात, हैदराबादच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे 24 विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. आपल्याच वयाचे, ट्रिपला आलेले.

‘ट्राउट तर इंग्रजांनी आणलेला परका मासा, त्याचं एवढं काय कौतुक?’ असं तुम्ही विचाराल. खरंय, कुलूत तो 1909 मध्ये आला, आणि तो स्थानिक माशांची पिल्लंही खातो. म्हणून त्याला देवासारखं जपा असं मी म्हणत नाही. पण तिथल्या मूळच्या स्नो ट्राउटलाही वाहतं, थंड पाणीच लागतं.

पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं, हे आपल्याला तासातासाला मोबाइलवर कळतं. डिसेंबरात सैंजमध्ये किती सोडलं, हेही रोज तसंच कळायला हवं. तिथल्या होमस्टेवाल्याला आणि तिकडे निघालेल्या तुम्हालाही.