थोरांच्या घरचे लेकरू



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. कोणी कामावरून परस्पर येते, डबा अजून पिशवीतच असतो. बायाबापड्या भाकऱ्या उरकून येतात. लहान पोरे पुढे चटईवर बसतात आणि पंधरा मिनिटांत पेंगायला लागतात.

यंदा एका रात्री राहुलचा प्रसंग आला. भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले आहेत. यशोधरेने सात वर्षांच्या राहुलला चांगले कपडे घालून पुढे केले आणि सांगितले की, हे तुझे वडील, त्यांच्याकडे जाऊन तुझा वारसा माग. राहुलने वारसा मागितला. बुद्धांनी त्याला धनदौलत दिली नाही. सारिपुत्ताला सांगून त्याला संघात घेतले. वाचन करणाऱ्या आजोबांचा आवाज भरून आला होता. आम्हीही हात जोडले.

घरी येताना आमची दहावीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, काय मिळणार ते राहुलला माहीत होतं का? त्याला कोणी विचारलं?"

आम्ही म्हणालो, "अगं, असा वारसा कोणाच्या नशिबी असतो!"

"ते बरोबर आहे. पण विचारलं का?"

घर येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. तिने हे का विचारले ते आम्हाला ठाऊक होते. १४ एप्रिलला जयंतीच्या मंचावर ती भाषण करताना मध्येच अडखळली. पाठ केलेले सगळे विसरली. खाली उतरली तेव्हा आमच्यातल्याच एका जुन्या कार्यकर्त्याने तिला सुनावले, "बापाचं भाषण ऐकायला लोक तास-तास बसतात, आणि तू?" त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हते. पण आम्ही शेजारीच उभे होतो आणि हसलो. पोरीने आमचे हसणे पाहिले. त्या दिवसापासून ती मंचाच्या आसपास फिरकत नाही.

आम्ही काही नामवंत माणूस नव्हे. दिवसभर कचेरीत कारकुनी करतो, संध्याकाळी आणि रविवारी समाजाचे काम. चार चाळींत लोक ओळखतात, एवढेच आमचे नाव. एवढ्याशा नावाचा भार पोरीला इतका होतो, तर ज्याच्या वडिलांचे नाव सारा देश घेतो त्या लेकराने काय वाहिले असेल? त्या रात्री आम्हाला भैय्यासाहेब आठवले.

यशवंत भीमराव आंबेडकर, आपले भैय्यासाहेब. जन्म १२ डिसेंबर १९१२. पोर अवघे सहा-सात महिन्यांचे असताना, १९१३ च्या मध्यात, बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. तिथून लंडनला गेले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये परतले, तेव्हा पोर पावणेपाच वर्षांचे होत आले होते. अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते एप्रिल १९२३ मध्ये आले. आम्ही पडलो हिशोबाचे माणूस, म्हणून बेरीज केली. आयुष्याच्या पहिल्या सव्वादहा वर्षांतली जवळजवळ सात वर्षे या मुलाचे वडील समुद्रापलीकडे होते.

घर परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांचे. तो संसार माता रमाईंनी कसा ओढला, हे आपल्या गाण्यांतून पोराबाळांनाही माहीत आहे. पण त्याच घरात एक मुलगा वाढत होता, हे गाणी गाताना आपल्या ध्यानात येत नाही. त्याची भावंडे एकामागून एक गेली. १९२६ मध्ये राजरत्नही गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी आपल्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार लेकरे पुरल्याचे दुःख त्या पत्रात आहे. ते वाचताना आजही डोळ्याला पाणी येते. भैय्यासाहेब तेव्हा तेरा वर्षांचे होते. पाच लेकरांतले ते एकटे उरले.

पुढे १९२७ ला महाडचे चवदार तळे, १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, मग गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार. पोराला मिसरूड फुटण्याचे ते वय, आणि वडील कोट्यवधींच्या कामात. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. भैय्यासाहेब बावीस वर्षांचे होते.

यात दोष कोणाचा? आमच्या मते बाबासाहेबांचा नव्हे. ते त्या बोटीत बसले नसते, तर आज आमच्या हातात पेन नसते आणि तुमच्या हातात हे साप्ताहिक नसते. दोष त्या व्यवस्थेचा, जिने एका माणसापुढे घर किंवा समाज असे दोनच रस्ते ठेवले. पण दोष नव्हता म्हणून किंमतही नव्हती, असे होत नाही. ती किंमत रमाईंनी मोजली आणि त्या लेकरानेही मोजली. बाबासाहेबांना आपण सगळे बाप म्हणतो. त्यांना जन्माने बाप म्हणण्याचा हक्क ज्याचा होता, त्याच्या वाट्याला ते किती आले?

वर समाजाची फूटपट्टी होतीच. वडील कोलंबियाचे पीएच.डी., लंडनचे डी.एस्सी., बॅरिस्टर. मुलाजवळ अशा पदव्या नव्हत्या, आणि लोक ते बोलून दाखवत. आमच्या जन्माआधीच भैय्यासाहेब गेले होते, तरी लहानपणी चावडीवर ही तुलना आम्ही कानांनी ऐकली आहे. बोलणाऱ्यांत चौथी नापास माणसेही होती!

आणि त्या मुलाने केले काय? छापखान्याचे काम पाहिले. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' या पत्रांचे काम केले. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, तेव्हा भैय्यासाहेबांना चव्वेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला सहा दिवस कमी होते. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांनी उचलली. दादरच्या चौपाटीवर, जिथे बापाची चिता जळली, तिथे स्मारक उभे राहावे म्हणून त्यांनी महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत काढली. ५ डिसेंबर १९७१ रोजी चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्घाटन मीराताईंच्या हस्ते झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला आपण ज्या स्तूपापुढे रांगेत उभे राहतो, तो उभा राहण्यात या मुलाचे श्रम आहेत. १७ सप्टेंबर १९७७ रोजी ते गेले. हा वारसा त्यांनी मागितला होता की त्यांच्यावर येऊन पडला, हे आपण त्यांना कधी विचारले नाही. आपण फक्त मापे काढली.

कचेरीत नव्या माणसाकडून भविष्य निर्वाह निधीचा नॉमिनेशन फॉर्म भरून घेणे हे आमचे काम. वारसाचे नाव, नाते, वय, किती टक्के, सगळे रकाने असतात. खाली कर्मचाऱ्याची सही. ज्याला वारस केले त्याची सही मात्र कुठेच लागत नाही. पैशाच्या बाबतीत ते ठीक आहे, पैसा कोण नाकारतो? पण बापाचे नाव, बापाचे काम, बापाच्या ओळखी आणि बापाचे वैरी, हेही आपण असेच बिनसहीचे लेकरांच्या नावावर टाकतो.

मुलीच्या प्रश्नाने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. विहारातल्या कपाटातून ग्रंथ काढून चाळले. विनयपिटकात नोंद सापडली. राहुलला संघात घेतल्यावर म्हातारे शुद्धोदन दुःखाने बुद्धांकडे आले. आधी मुलगा गेला, आता नातूही गेला. हे दुःख काळजापर्यंत जाते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी विनंती केली की, यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ती मानली आणि तसा नियम केला. एका आजोबाने घराच्या वतीने तक्रार केली आणि तथागतांनी ती ऐकून घेतली, यापेक्षा मोठे काय असते?

आणखी एक. राहुल लहान असताना खोटे न बोलण्याची शिकवण द्यायला बुद्ध स्वतः त्याच्याकडे गेले. भांड्यात थोडे पाणी ठेवून दाखवले, मग ते ओतून टाकले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण असे रिकामे असते, हे पोराला डोळ्यांनी दिसले. आरसा कशासाठी असतो ते विचारले, आणि प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर तसेच पाहून घ्यायला सांगितले. इतक्या मोठ्या संघाचा शास्ता, पण पोरापुढे बसून भांड्यातले पाणी दाखवायला त्याला वेळ होता.

महात्मा फुल्यांच्या घरीही यशवंतच होता. एका विधवा मातेचे मूल त्यांनी दत्तक घेतले आणि डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ हा मुलगा रोग्यांवर उपचार करीत होता आणि सावित्रीमाई रोगी आणून पोहोचवीत होत्या. त्याच सेवेत माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या माय-लेकाने वारशावर भाषण केले नाही. दोघे एकाच मांडवात राबत होते.

थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगून आम्हाला मोठे व्हायचे नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत आमच्यासारखे दोन-चार कार्यकर्ते आहेत. त्यांच्या घरी पोरे आहेत. बाप सभेला गेला म्हणून पालकसभेला कोणी गेले नाही, असे त्या पोरांनी सोसले आहे. त्यातल्या एखाद्याला नाटक करायचे असते, एखाद्याला गॅरेज टाकायचे असते, एखाद्याला नुसते गप्प बसायचे असते. त्याला "अमक्याचा पोरगा असून" असे म्हणू नका. आणि कार्यकर्त्या मित्रांनो, कोणी तसे म्हणाले तर आमच्यासारखे हसू नका.

आम्ही घरी एवढेच केले. मुलीला समोर बसवून सांगितले की, त्या दिवशी आम्ही हसलो ते चुकले. पुढच्या १४ एप्रिलला तुला बोलायचे असेल तर बोल, नसेल तर नको. वस्तीत कोणी काही म्हणाले तर उत्तर आम्ही देऊ. आणि महिन्याचा दुसरा रविवार घरचा. त्या दिवशी मीटिंग नाही की लग्न लावायला जाणे नाही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघू."

पूर्वी आम्ही म्हणालो असतो, बघू काय, हो म्हण. या वेळी तिच्या 'बघू'वर आम्ही थांबलो. पहिला दुसरा रविवार तिच्या गणितात गेला. आमचे बी.कॉम. दहावीच्या भूमितीला कामाला आले नाही, पण आम्ही शेजारी बसून राहिलो.

जयभीम!